पेवातला पालाश

संपादकांनी माझ्याकडे खरं तर पाककृती मागितली होती. इथे जुलै-ऑगस्टमध्ये गाई वितात, एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून चीक मिळतो, त्याचा खरवस कसा करायचा ते लिही म्हणाले. मी हो म्हटलं. पण यंदाचं माझं अख्खं वर्ष मातीत गेलं आणि आता लिहायला बसले तर हाताशी तेवढंच आहे. खरवस पुढच्या अंकात.

सुरुवात रांगोळीपासून झाली. पामर्स्टन नॉर्थमधली दिवाळी कशी असते ते इथल्यांना सांगायला नको, पण अंक तिकडे आई-बाबांच्याही हातात पडतो म्हणून सांगते. ऐन वसंत असतो. घड्याळं नुकतीच तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे सूर्य पावणेआठ-आठला मावळतो आणि आकाशकंदील लावायला मुलांची जेवणं होईपर्यंत थांबावं लागतं. फटाके दुकानात येतात ते २ ते ५ नोव्हेंबर या चारच दिवसांत, गाय फॉक्ससाठी. दिवाळी ऑक्टोबरात आली की आमची दिवाळी मुकी. राहते ती रांगोळी. मागच्या वर्षी गॅरेजसमोरच्या काँक्रीटवर मी रांगोळी काढत होते आणि मुलगी वरून चमकी टाकत होती. टाकता टाकता म्हणाली, "आई, नदीवरच्या वाळूत पण हीच चमकी असते ना?"

पाकिटातली चमकी हल्ली प्लॅस्टिकची असते. नदीतली खरी. मानवतू नदीच्या काठावर, हे आरा कोताही पुलाच्या अलीकडे-पलीकडे आम्ही उन्हाचे फिरायला जातो, तिथल्या करड्या वाळूत बारीक कण लुकलुकतात. ते अभ्रक. मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं शाळेत भूगोल शिकवायचे, एम.ए.ही त्यातच केलं, त्यामुळे "अभ्रक, कोडरमा, झारखंड" हे माझ्या तोंडात बसलेलं. त्यापलीकडे अभ्रकाशी माझा संबंध इस्त्रीपुरता. तिच्या आत तारेभोवती जो पापुद्रा असायचा, तो. तो इतक्या लवकर आमच्या घरातल्या भांडणात येईल असं वाटलं नव्हतं.

भांडण सांगलीकडचं. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. चार एकर ऊस. तात्या आता सत्तरीत, शेत दादा बघतो, म्हणजे राबतो दादा आणि ठरवतात तात्या. गेली दोन-तीन वर्षं उसाची खालची पानं कडेने करपायला लागली. शेंड्याकडून पिवळट, नारिंगी, मग तपकिरी, जशी कागदाची कड जळावी. कांडी बारीक. दादाचं म्हणणं, पोटॅश कमी पडतंय. तात्यांचं म्हणणं, शक्यच नाही. त्यांच्याकडे पुरावा होता. मृदा आरोग्य पत्रिका. त्यावर पालाशाच्या पुढे "जास्त" असं छापलेलं. हेक्टरी २८० किलोच्या वर गेलं की जास्त धरतात, आमचं त्याच्या बरंच वर होतं. पत्रिका आल्यापासून तात्यांनी शेतात पोटॅशचा खडा टाकला नव्हता.

"कागद सांगतोय भरपूर आहे, मग मी दुकानदाराचं घर कशाला भरू?" असं ते म्हणायचे. आणि दुसरा मुद्दा त्याहून वजनदार होता. कृष्णाकाठच्या बऱ्याच जमिनी पाणी पाजून पाजून खारवल्या आहेत. पानाची कड क्षारानेही करपते. "आधीच रान खारट, त्यात तुझं ते लाल मीठ टाकू?" लाल मीठ म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड. तात्या चुकत नव्हते. ते खरोखर मीठच आहे.

दादाने एक दिवस व्हिडिओ कॉलवर तोडगा काढला. "जावईबापूंच्या विद्यापीठात आपली माती तपासून मिळेल का? आई येतेय ना दिवाळीत, तिच्या बॅगेत दोन किलो देतो."

मी कपाळावर हात मारला. या देशात बुटाला लागलेला चिखलसुद्धा विमानतळावर लिहून द्यावा लागतो. धोक्याची वस्तू लपवली तर जागेवर ४०० डॉलर दंड. चकली येईल, करंजी येईल, दोन किलो काळी माती परवान्याशिवाय यायची नाही. आईच्या बॅगेत माती आली नाही, पण प्रश्न आला. माझा नवरा मॅसी विद्यापीठात मृदाशास्त्रात पीएच.डी. करतो. त्याने पहिल्याच दिवशी एक वाक्य टाकलं आणि जेवायला बसला. म्हणाला, "पत्रिका खोटी नाही, पण तिने मातीला एकच प्रश्न विचारलाय."

त्या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला सहा महिने लागले.

पालाश म्हणजे पोटॅशियम. नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतला तिसरा. मातीत तो कमी कधीच नसतो. वरच्या वीतभर थरात हेक्टरी साधारण वीस लाख किलो माती धरली आणि तिच्यात एक-दीड टक्का पोटॅशियम धरलं, तरी वीस-तीस हजार किलो झालं. उसाला लागतं त्याच्या कितीतरी पट. मग तरी पान करपतं कसं? कारण झाड ते खाऊ शकत नाही. ते कुठे ठेवलंय यावर सगळं आहे.

मी वर्गात असते तर फळ्यावर तीन चित्रं काढली असती. पहिलं ताटातलं. मातीतल्या पाण्यात विरघळलेलं, मुळाने तोंड लावलं की पोटात. हे फार थोडं. दुसरं डब्यातलं. चिकणमातीच्या कणांच्या अंगावर चिकटलेलं, ताटातलं संपलं की पटकन वाढता येणारं. आणि तिसरं पेवातलं. सांगलीच्या माणसाला पेव समजावून सांगावं लागत नाही. हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं होती, तोंड अरुंद, आत पोती पोती हळद, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुराने त्यांची वाताहत केली. पेवातली हळद तुमचीच, पण मनात आलं म्हणून तळहातावर घेता येत नाही. तोंड उघडायचं, आत हवा खेळू द्यायची, मग माणूस उतरणार.

मातीतलं पेव म्हणजे अभ्रक. अभ्रकाचा पापुद्रा सुईने सुटतो हे आपण लहानपणी पाहिलेलं असतं. तो सुटतो तरी का, आणि एरवी एकत्र का राहतो? सिलिका आणि ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ थर, एकावर एक. एका थराची जाडी साधारण एक नॅनोमीटर. थराच्या पृष्ठभागावर षट्कोनी खळगे असतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे, आणि दोन थरांच्या मध्ये त्या खळग्यांत पोटॅशियमचे आयन बरोब्बर बसतात. थर ऋणभारित, पोटॅशियम धनभारित, म्हणून तोच त्या थरांचा डिंक. पांढऱ्या अभ्रकाच्या वजनात जवळजवळ दहा टक्के पोटॅशियम असतं! पण पांढरं अभ्रक फार चिकट, सोडता सोडत नाही. काळं अभ्रक त्या मानाने लवकर सोडतं. आयुर्वेदातले वैद्य अभ्रक भस्मासाठी काळं वज्राभ्रकच पसंत करतात. त्यांची कारणं वेगळी, पण काळ्या-पांढऱ्यातला भेद त्यांनाही महत्त्वाचा वाटला होता.

आता पत्रिकेचा प्रश्न. भारतातल्या प्रयोगशाळेत पालाश मोजायला माती अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात हलवतात. अमोनियमचा आयन आकाराने जवळपास पोटॅशियमएवढाच. तो कणाच्या अंगावरच्या पोटॅशियमला ढकलून स्वतः तिथे बसतो, आणि जे बाहेर पडलं ते मोजायचं. म्हणजे डबा मोजला. पण हाच अमोनियम अभ्रकाच्या कडेला पोचला की कडेच्या खळग्यांत फिट्ट बसतो आणि थर आणखी घट्ट मिटतात. पेवाच्या तोंडावर तो स्वतःच धोंडा होऊन बसतो. आत किती आहे ते त्या चाचणीला दिसत नाही. दिसावं म्हणून ती केलेलीही नाही.

मग आत डोकवायचं कसं? एक रीत जबरदस्तीची. माती नायट्रिक आम्लात उकळायची. १९४०-४१ च्या सुमारास अमेरिकेत इलिनॉयमध्ये वुड आणि डीटर्क यांनी ही पद्धत मांडली, आजही ती भारतात संशोधनासाठी सर्रास वापरतात. न्यूझीलंडच्या हेलॉकने १९५६ साली पॅरिसच्या जागतिक मृदाशास्त्र परिषदेत तिला एक छान वळण दिलं. एकदाच उकळायचं नाही, पुन्हा पुन्हा उकळायचं. पहिल्या उकळीत खूप येतं, दुसरीत कमी, तिसरीत आणखी कमी, आणि मग एक वेळ अशी येते की दर उकळीला तेवढंच थोडं थोडं येत राहतं. ते "तेवढंच" म्हणजे मातीचा बांधलेला रतीब. सुरुवातीचं जास्तीचं म्हणजे लवकर निघणारा साठा. मला ही कल्पना फार आवडली. चहाची पावडर तिसऱ्यांदा उकळणाऱ्या कुठल्याही बाईला ती कळेल. पण आम्ल पेवाचं तोंड उघडत नाही, भिंतीच फोडतं. ऊस काही नायट्रिक आम्ल ओतत नाही.

दुसरी रीत मी नवऱ्याच्या प्रयोगशाळेत पाहिली. कुटुंबीयांना एक दिवस बघायला येऊ देतात तेव्हा. मुलीला पांढरा कोट पायघोळ झाला होता. त्याने एक छोटी बाटली दाखवली, वर लांबलचक नाव, सोडियम टेट्राफेनिलबोरॉन. "हात लावू नकोस, महाग आहे," हे तो मुलीला म्हणाला की मला ते अजून ठरलेलं नाही. या पदार्थाच्या गटावर मूळ काम केलं ते जर्मनीच्या गेऑर्ग व्हिटिग यांनी, पुढे १९७९ मध्ये त्यांना दुसऱ्याच कामासाठी नोबेल मिळालं. याचा गुण एकच. पोटॅशियम दिसलं की त्याला मिठी मारायची आणि पांढरा साका होऊन तळाला बसायचं.

त्याने एका नळीत पोटॅशियमचं द्रावण घेतलं, वरून या औषधाचे थेंब सोडले. क्षणात दूध फाटल्यासारखं पांढरं झालं. मुलगी म्हणाली, "पनीर!"

या पनीरचा मातीला उपयोग असा. अभ्रकातून पोटॅशियम पाण्यात येतं, पण पाण्यात ते जरासं साठलं की अभ्रक सोडायचं थांबतं. लिटरमागे काही मिलिग्रॅम झालं तरी पुरे, पांढरं अभ्रक तर त्याच्याही कितीतरी आधी थांबतं. बाहेर थोडं जरी असलं तरी आतलं बाहेर येत नाही. टेट्राफेनिलबोरॉन बाहेर आलेला प्रत्येक आयन लगेच साक्यात बांधून टाकतं. पाण्यात पोटॅशियम जवळजवळ शून्य. मग अभ्रकाला सोडत राहावं लागतं, आणि सुटलेल्या जागेवर त्याच बाटलीतलं सोडियम जाऊन बसतं. सोडियम आपल्याभोवती पाणी घेऊन फिरतो, त्यामुळे तो आत शिरला की थर मिटत नाहीत, उलट फाकतात. अमोनियमच्या बरोबर उलट. भिंत न फोडता तोंड उघडं राहतं. शेवटी साका गरम करून विरघळवायचा आणि पोटॅशियम ज्योतीवर मोजायचं. अकरावीच्या प्रयोगवहीत आपण लिहिलेली ती जांभळट ज्योत.

ही रीत मातीवर आणि अभ्रकावर आयोवातल्या स्कॉट, हन्झिकर आणि हॅनवे यांनी १९६० साली मांडली. त्यातल्या हॅनवेंचं नाव ऐकून नवरा हसला. भारतातल्या प्रयोगशाळा अमोनियम ॲसिटेटच्या पद्धतीसाठी ज्या १९५२ च्या कामाचा हवाला देतात, तेही याच हॅनवेंचं, हायडल यांच्यासोबतचं. म्हणजे ज्यांनी तात्यांचा डबा मोजायची पद्धत दिली, त्यांनाच आठ वर्षांनी पेवात डोकवावंसं वाटलं. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा फोनवर गप्प राहिले.

खरी गंमत पुढे आहे. हे औषध जे करतं, तेच मूळ करतं. मुळाच्या अगदी लगतच्या पाण्यातलं पोटॅशियम झाड ओढून घेतं, तिथे ते इतकं कमी होतं की शेजारच्या अभ्रकाला सोडावंच लागतं. फ्रान्समध्ये हिन्सिंगर यांनी रायग्रासची मुळं भुकटी केलेल्या अभ्रकाला लावून ठेवली, तर काही दिवसांतच अभ्रकाचे थर फाकलेले दिसले. दिवसांत! भूगोलात आम्ही "अपक्षय ही हजारो वर्षांची प्रक्रिया आहे" असं शिकवायचो आणि एका मार्कासाठी पोरांना तेच लिहायला लावायचो. अमेरिकेत पर्ड्यूच्या लोकांनी १९९९ साली दाखवलं की टेट्राफेनिलबोरॉन मातीत तासन्‌तास ठेवायची गरजही नाही, पाच मिनिटं ठेवलं तर जे निघतं ते पिकाने उचललेल्या पालाशाशी चांगलं जुळतं.

इथल्या शेतकऱ्यांना हे सगळं परकं नाही. न्यूझीलंडमध्ये नेहमीची तपासणी होते ती झटपट चाचणी, तीही अमोनियम ॲसिटेटचीच, तिचे आकडे छोटे असतात. गाळाच्या दगडांपासून झालेल्या जमिनीवर दुधाच्या गाई असतील तर ५ ते ८ आला की ठीक. पण त्यासोबत "राखीव पालाश" नावाची दुसरी चाचणीही इथे मागवता येते, आणि ती म्हणजे हेच टेट्राफेनिलबोरॉन. ती रोजच्या कामात बसवण्यासाठीची सुधारित पद्धत इथल्याच जॅक्सन यांनी १९८५ मध्ये छापली. महाग आहे, म्हणून सगळे करत नाहीत.

ती इथे का लागली ते आमच्या गावाच्या आसपास गाडी फिरवली की कळतं. रुआहिने आणि तारारुआच्या डोंगरांचा दगड ग्रेवॅक, म्हणजे करडा वालुकाश्म. त्याच्यात अभ्रक आहे. नदीने तो कुटून खाली आणला, हिमयुगात वाऱ्याने नदीपात्रातली धूळ उडवून टेकड्यांवर पसरली, तिची झाली टोकोमारू नावाची माती. मॅसीची चार नंबरची डेअरी त्यावरच आहे. आणि इथून गाडीने तीनेक तासांवर तारानाकी, तो शंकूसारखा सुंदर ज्वालामुखी. त्याच्या राखेची माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर जीव टाकावा अशी. पण तिचं पेव जवळजवळ रिकामं. झटपट चाचणीत दोन्हीकडे सारखाच आकडा येऊ शकतो. एकीकडे पोटॅश न टाकता वर्षं निघतील, दुसरीकडे दोन हंगामांत गवत बसेल.

म्हणून मारे टाकत सुटावं, तर तेही नाही. इथल्या एका गोपालक बाईंनी मला चांगलंच सुनावलं होतं. गवतात पोटॅशियम वाढलं की मॅग्नेशियम नीट लागत नाही, आणि नेमक्या विण्याच्या दिवसांत गाय लटपटते, कोसळते. त्यामुळे गाई विण्याच्या तोंडावर त्या पोटॅश टाकत नाहीत. "पैसे देऊन गाय पाडायची का?" असं त्या म्हणाल्या. तात्यांना हे ऐकून बरं वाटलं. त्यांच्या बाजूचं कुणीतरी न्यूझीलंडमध्ये निघालं.

आता आमचं काळं रान. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मला आपली काळी माती म्हणजे मातांची माता असं लहानपणापासून शिकवलेलं, आणि मीही पुढे तेच शिकवलेलं. तिच्यात चिकणमाती भरपूर, तीही फुगणारी-आकसणारी, अंगावर पालाश धरून ठेवायला जागाच जागा. म्हणजे डबा भलामोठा. त्यामुळे अमोनियम ॲसिटेटला आकडा मोठाच मिळतो. पण मोठ्या डब्याच्या तळाला दोन किलो ज्वारी असेल तर वजनात ती दोन किलोच, हात मात्र पोचत नाही. लहान डब्यातली दोन किलो काठोकाठ असते, चटकन ओंजळीत येते. तसंच काळ्या मातीत तेवढ्याच आकड्याला मुळाजवळच्या पाण्यात पालाश कमी येतो. म्हणून २८० ची रेघ सगळ्या मातींना एकच लावणं बरोबर नाही, असं अनेक मृदाशास्त्रज्ञ म्हणत आले आहेत.

आणि पेव? सह्याद्रीचा बेसाल्ट. त्यात अभ्रक नगण्य. गंगेच्या मैदानात हिमालयाने अभ्रक वाहून आणलंय, तिथे डबा लहान असला तरी पेव खोल. आपल्याकडे उलटं. काळ्या मातीत अभ्रक अजिबात नाही असं नाही, नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोमध्ये यावर बरंच काम झालंय, आणि जे काही पालाश आतून सुटतं ते मुख्यतः थोड्याशा काळ्या अभ्रकातून, असं ते काम सांगतं. थोडंसं, हा शब्द महत्त्वाचा.

मग मी हिशेब मांडला, शाळेत मांडायचे तसा दोन बाजूंनी. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी १७० किलो पालाश, अर्धा लागणीला, अर्धा मोठ्या बांधणीला. आम्ही टाकलं शून्य. गेलं किती? ऊस कारखान्याला. वाढे ऊसतोड्यांना, ती त्यांची हक्काची वरकमाई, ते विकतात, दुसऱ्याच्या म्हशी खातात. पाचट बरीच वर्षं पेटवलं, राख वाऱ्यावर. पूर्वी घरची जनावरं होती, वाढे घरीच, शेण-मूत उकिरड्यात, चुलीची राख त्यातच, आणि उकिरडा रानात. राखेतच पालाश असतो, इंग्रजीतला पोटॅश हा शब्दच मुळी भांड्यात भिजवलेल्या राखेवरून आलाय. आजीने एक चाचणी न करता पालाशाचं चाक फिरतं ठेवलं होतं. जनावरं गेली, गॅस आला, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पोटॅश टाकायचं बंद झालं त्याला पत्रिका एकटीच कारण नव्हती हेही लिहायला हवं. एप्रिल २०१० पासून खतांचं अनुदान बदललं, युरिया मात्र त्यातून बाहेर राहिला. पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे. पोटॅश सगळंच्या सगळं परदेशातून येतं, २०२२ मध्ये रशिया-बेलारूसच्या भानगडीत पन्नास किलोचं पोतं १,७०० रुपयांच्या आसपास गेलं. अशा वेळी "जास्त" असा छापील कागद हातात असेल तर कुठला शेतकरी पोतं उचलेल? मला तात्यांचा राग यायचा तो इथे ओसरला.

एवढं सगळं झाल्यावर मी त्यांना फोन केला. इकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे दुपारची वामकुक्षी मोडलेली. मी पाऊण तास बोलले. ताट, डबा, पेव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पत्रिका खोटी नाही."

"नाही तात्या."

"आणि दादाही खोटा नाही."

"ते मला माहीत नाही. पान क्षारानेही करपत असेल. तुम्ही म्हणता तसं."

"मग तुझी ती बाटली काय सांगते?"

"ती माती इथे येत नाही म्हणून काहीच सांगत नाही."

ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, "अगं पोरी, एवढी शिकलीस, उसालाच विचारलं असतंस की. मूळ जर तेच करतंय बाटलीसारखं, तर मूळच लावू कामाला."

आणि त्यांनीच युक्ती काढली. गेल्या आषाढात आडसाली लागण केली तेव्हा रानाच्या मधोमध सहा सऱ्यांना शिफारशीप्रमाणे पूर्ण पालाश. शेजारच्या सहा सऱ्या कोऱ्या. पुन्हा सहा, पुन्हा कोऱ्या. एकाच टोकाला नाही, कारण ओढ्याकडची बाजू जास्त खारवलेली, मग कळायचं नाही क्षाराने की पालाशाने. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तात्यांना इथे ॲडमिशन द्या." क्लोराइडची भीती होती म्हणून दोन सऱ्यांना त्यांनी कारखान्याच्या मळीपासून केलेलं पोटॅश घातलं. आसवनीच्या सांडपाण्यातून ते काढतात आणि २०२१ पासून त्यालाही अनुदान आहे. त्यात पालाश साडेचौदा टक्केच असतो म्हणून पोती जास्त लागली आणि दादाची पाठ धरली. पण उसाबरोबर गेलेला पालाश उसाच्याच कारखान्यातून परत येतो हे तात्यांना मनापासून पटलं. पाचट या खेपेला पेटवायचं नाही, हेही ठरलं. ते आईने ठरवलं, धुराला कंटाळून.

सऱ्यांच्या टोकाला दादाने बांबू रोवलेत, लाल फडकं म्हणजे पोटॅश, काही नाही म्हणजे कोरं. गेल्या महिन्यात त्याने फोटो पाठवले. मी ते मोठे करून करून पाहिले. एका फोटोत लाल फडक्याची पानं हिरवी वाटतात. दुसऱ्यात काहीच फरक दिसत नाही. तिसऱ्यात ओढ्याकडच्या दोन्ही सऱ्या सारख्याच करपलेल्या आहेत, म्हणजे तिथे तात्यांचं खरं असावं. दादा म्हणतो फोटोवर जाऊ नकोस, कांडी जाड लागते हाताला. तात्या म्हणतात काट्यावर बघू. तोड पौषात आहे. टोळीला आधीच सांगून ठेवलंय की या सऱ्यांचा ऊस वेगळा भरायचा, वेगळा तोलायचा, आणि मुकादमाने त्याचे जादा पैसे मागितलेत.

आई परवा येतेय. बॅगेत काय आहे ते तिने मला वाचून दाखवलं. अनारसे, भाजणी, मुलीला परकर-पोलकं, आणि रांगोळी, पांढरी आणि पाच रंग. चमकी आणू नकोस म्हणून मी सांगितलं. मुलगी नदीवरून बरणीभर वाळू घेऊन आली आहे.